चौथा पट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किरकोळ फेरफारांसह)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'बुद्धिबळाचा एक डाव' असे सांगितले. त्यांनी उत्साहाने विचारले, "कोणाचा? आनंदचा की गुकेशचा?" आम्ही म्हणालो, "आमचा." चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग सौजन्याने म्हणाले, "पाऊण तास भरेल ना?"

भरेल. तो डाव आम्ही हरलो होतो, आणि त्याबरोबर या मंडळाचा संघही हरला होता. त्यास आता तीस वर्षे झाली. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तात नाटके आहेत, गणेशोत्सव आहेत, हळदीकुंकवाचे समारंभ आहेत, दोन पुरांच्या वेळी केलेले मदतकार्य आहे. बुद्धिबळ संघाविषयी मात्र एकच ओळ आहे : 'संघ १९९५ साली बंद पडला.' कर्त्याचा उल्लेख नसलेले हे वाक्य सरकारी टिपणीत शोभून दिसते. आम्ही केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आयुष्य घालविले असल्याने अशी वाक्ये कशासाठी लिहितात हे आम्हांस ठाऊक आहे. तो कर्ता आज आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम एक खुलासा. आमची पदवी बी. ए., तीही इतिहास विषयाची. बुद्धिबळात आम्ही कधीच कोणी नव्हतो. लहानपणी घरी पावसाळ्यात वडिलांशी खेळलो, एवढीच शिदोरी. १९९३ साली स्पर्धा परीक्षेतून निवड होऊन या शहरात आलो, तेव्हा शहराचे नाव मद्रास होते आणि आमचे वय चोवीस. भाषा कळत नव्हती, भात अंगवळणी पडला नव्हता, आणि रविवार अंगावर येत असे. बहुतेकांप्रमाणे आम्हीही पोळी-भाजीच्या शोधात मंडळात आलो. मागच्या खोलीत गणपतीच्या मखराचे सामान, पडदे आणि दोन मोडक्या पेट्या यांच्यामध्ये एक टेबल होते, त्यावर पट मांडलेला होता, आणि पटामागे नाना बसले होते.

नाना पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीस होते. मूळचे सांगलीचे. सांगली म्हटले की आपल्याला नाटक आठवते, हळद आठवते. परंतु भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावात बुद्धिबळाची जी परंपरा वाढविली, तिचे महत्त्व नाटकाहून कमी नाही. नाना त्या परंपरेचे. त्यांनी आम्हांस नाव-गाव विचारण्यापूर्वी "पांढरी घेता की काळी?" असे विचारले. पोळी-भाजी राहून गेली. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षे आमचे रविवार आमच्या अंगावर आले नाहीत.

मद्रासेत बुद्धिबळासाठी फार शोध घ्यावा लागत नसे. १९६१ साली भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर ठरलेले मॅन्युएल एरन याच शहरातले. सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात 'ताल' या विश्वविजेत्याच्या नावाने चालणारा क्लब त्यांच्या पुढाकारातला, आणि १९८८ साली देशाचा पहिला ग्रँडमास्टर झालेला विश्वनाथन आनंद लहानपणी तेथे झटपट डाव खेळत मोठा झाला. हे वारे अंगावर घेऊनच नानांनी मंडळाचा चौघांचा संघ शहरातील सांघिक लीगच्या तिसऱ्या श्रेणीत उतरविला. पहिल्या पटावर आय. आय. टी.तील एक विद्यार्थी, दुसऱ्यावर स्वतः नाना, तिसऱ्यावर कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रातील एक अभियंता, आणि चौथ्यावर आम्ही. आम्ही चौथे का, तर पाचवा कोणी नव्हता म्हणून.

येथे सांघिक बुद्धिबळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे, कारण सभागृहातील अर्ध्या मंडळींना बुद्धिबळ म्हणजे दोन माणसांचे गप्प बसणे वाटते, आणि ते फारसे खोटे नाही. सांघिक लढतीत मात्र चार जोड्या एका ओळीत गप्प बसतात. संघ आपले खेळाडू ठरलेल्या क्रमाने बसवितो; एका संघाकडे पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी असतात, तर दुसऱ्याकडे दुसऱ्या व चौथ्या पटावर. प्रत्येक डाव जिंकल्यास एक गुण, बरोबरीस अर्धा. चारांपैकी अडीच गुण झाले की लढत जिंकली. मग ते अडीच असोत वा चार, लीगच्या तक्त्यात दोनच गुण मिळतात. दोन-दोन झाल्यास एक. म्हणजे एखादा खेळाडू अप्रतिम डाव जिंकूनही संघ हरतो, आणि एखाद्याने रडतखडत मिळविलेला अर्धा गुण संघास तारून नेतो.

आता कर्णधाराविषयी. क्रिकेटच्या कप्तानाप्रमाणे तो ओरडू शकत नाही. पटावरील स्थितीबद्दल एक अक्षर बोलण्याची त्यास मुभा नाही. खेळाडूने विचारले, "बरोबरी घेऊ का?" तर त्याने लढतीचा हिशेब पाहून 'घे' किंवा 'खेळ' एवढेच सांगावयाचे. मोहरी कशी उभी आहेत, राजा संकटात आहे की नाही, यावर भुवईही उचलावयाची नाही. सरकारी नोकरीत वरिष्ठ नेमके याच पद्धतीने बोलतात, त्यामुळे आम्हांस ती प्रथा परकी वाटली नाही. परंतु नियमाचा गाभा नीट पाहावा. हा खेळ एकट्याचा असला, तरी त्यातील एक निर्णय, लढणे की थांबणे, हा संघाचा ठेवलेला आहे. तो निर्णय संघाकडे सोपवावयाचा की नाही, हे मात्र पुन्हा खेळाडूच्याच हाती. आमच्या डावाचे सारे मर्म येथे आहे.

फेब्रुवारी १९९५. लीगची शेवटची फेरी. तळाचे दोन संघ स्पर्धेबाहेर जावयाचे होते आणि आम्ही तळापासून तिसरे होतो. एक गुण, म्हणजे नुसती दोन-दोन अशी बरोबरी, आम्हांस पुरेशी होती. समोर एका शाळेचा संघ होता. आमच्यापुढे बसलेला मुलगा अकरा-बारा वर्षांचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, खाकी अर्धी चड्डी, पाय जमिनीस टेकत नव्हते. बाहेर व्हरांड्यात त्याचे वडील दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही मनात म्हटले, लवकर आटपू.

चाळीस खेळ्यांसाठी प्रत्येकी दोन तास असत. यांत्रिक घड्याळ, त्याची ती टिकटिक आणि वर चढत जाणारे लाल निशाण. तीन तासांनी पहिल्या पटावर आमचा विद्यार्थी हरला. नानांनी दुसरा पट जिंकला. त्यांचा तो डाव पाहण्याजोगा होता, पण आम्हांस पाहण्यास सवड नव्हती. तिसऱ्या पटावर अभियंता महाशयांनी हरता हरता बरोबरी साधली. दीड-दीड. उरलो आम्ही.

आमचा डाव एव्हाना अखेरच्या अवस्थेत आला होता. दोघांकडे एकेक हत्ती. राजांच्या बाजूस तीन-तीन प्यादी समोरासमोर. आणि पटाच्या अगदी डाव्या कडेस आमचे एक जास्तीचे प्यादे, ज्याची वाट अडविण्यास काळ्याचे एकही प्यादे नव्हते. मुलाने एकेचाळिसावी खेळी केली, मान वर न करता "ड्रॉ?" असे विचारले आणि घड्याळ दाबले. रीतसर, नियमाबरहुकूम.

त्या क्षणी आमचे कर्तव्य साधे होते. मान वळवून नानांना विचारावयाचे, "घेऊ?" नाना चार पावलांवर उभे होते, हात मागे बांधलेले. हिशेब तोंडपाठ होता : बरोबरी घेतली तर संघ श्रेणीत राहतो. आम्ही विचारले नाही. का विचारले नाही, हे अनेक वर्षे आम्ही निरनिराळ्या प्रकारे स्वतःस सांगितले. कधी म्हटले, स्थिती जिंकण्याची होती. कधी म्हटले, नानांवर भार टाकणे प्रशस्त नव्हते. खरे कारण लहान आहे. त्या संपूर्ण लीगमध्ये आम्ही एकही डाव जिंकलेला नव्हता, आणि बारा वर्षांच्या मुलाकडून दान म्हणून मिळणारा अर्धा गुण घेऊन उठणे जिवावर आले. आम्ही काही न बोलता पुढची खेळी केली. खेळी केली की प्रस्ताव फेटाळला गेला, असा नियम आहे.

त्रेचाळिसाव्या खेळीस आमच्या मोकळ्या प्याद्यावर त्याच्या हत्तीचा रोख आला. प्याद्यास राखणे अवश्य होते. हत्ती प्याद्याच्या मागे नेता येत होता, किंवा पुढे. टॅराश नावाच्या जर्मन वैद्याने घालून दिलेला नियम प्रत्येक पुस्तकात असतो : मोकळ्या प्याद्याच्या पाठीशी हत्ती ठेवावा. प्यादे जसजसे पुढे सरकते, तसतशी मागच्या हत्तीची मोकळीक वाढत जाते. पुढे उभा राहिलेला हत्ती मात्र आपल्याच प्याद्याच्या वाटेत अडसर होऊन बसतो. हा नियम नानांनी आम्हांस याच मंडळाच्या मागल्या खोलीत निदान दहा वेळा सांगितला होता. आम्ही हत्ती पुढे नेला. प्यादे आता वजीर होणारच, हत्ती पुढे असला म्हणजे वाट साफ राहील, असा काहीसा विचार होता. म्हणजे विचार नव्हताच.

मुलाने शांतपणे आपला हत्ती आमच्या प्याद्याच्या मागे आणून ठेवला. आमचा हत्ती कोंडला. तो सोडविण्यास आमचा राजा घर सोडून पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाला. तो तिकडे पोहोचेपर्यंत काळ्या हत्तीने राजाकडील आमची तिन्ही प्यादी एकामागून एक टिपली. शेवटी आमचे प्यादे आठव्या घरी पोहोचले, त्याने त्यासाठी आपला हत्ती दिला, आणि आम्हांस वाटले सुटलो. परंतु त्याची तीन प्यादी हातात हात घालून पुढे सरकत होती, त्यांच्याबरोबर त्यांचा राजा होता, आणि आमचा राजा मैलभर दूर. एकटा हत्ती तिघांस थोपवू शकला नाही. सदुसष्टाव्या खेळीस आम्ही हात पुढे केला. मुलाने हात मिळविला आणि म्हणाला, "सारी, अंकल." त्याला डाव जिंकल्याचे वाईट वाटत होते की आमच्या तोंडाकडे पाहून भीती वाटली होती, कोण जाणे.

नाना काही बोलले नाहीत. नोंदपत्रकाची कार्बन प्रत त्यांनी घडी करून खिशात ठेवली. आम्हा चौघांस त्यांनी कॉफी पाजली, आय. आय. टी.च्या विद्यार्थ्यास परीक्षेविषयी विचारले आणि पेरांबूरची बस पकडली. पुढील वर्षी संघ पुन्हा उभा राहिला असता, पण विद्यार्थी शिकून गेला, अभियंत्यांची बदली झाली, आणि आम्ही, खरे सांगावयाचे तर, मागल्या खोलीत जाणे टाळू लागलो. कधी कार्यालयात काम असे, कधी नसतानाही असे. नाना काही महिने दर रविवारी पट मांडून बसत, असे पुढे ऐकले. १९९८ साली आमची बदली झाली. २००१ साली नाना निवृत्त होऊन सांगलीस गेले. निरोपसमारंभास आम्ही नव्हतो.

एक गंमत सांगावयाची राहिली. सांघिक खेळात सर्वनामांची मोठी मौज असते. जिंकले की प्रत्येक जण 'आम्ही जिंकलो' म्हणतो. हरले की 'चौथा पट गेला' असे ऐकू येते. या भाषणात 'आम्ही' म्हणजे कोठे एकटे आणि कोठे चौघे, हे श्रोत्यांनी आपापल्या समजुतीने घ्यावे. आमचाही गोंधळ होतो.

२०१९ साली नोकरीच्या अखेरच्या टप्प्यात आम्ही पुन्हा या शहरी आलो. आणि २०२२ साली बुद्धिबळ ऑलिंपियाडच शहरात आले. ते रशियात व्हावयाचे होते. युक्रेन युद्धामुळे तेथून हलले आणि अवघ्या चार-पाच महिन्यांच्या तयारीत मामल्लपुरमला भरले. त्या दिवसांतील चेन्नई आपण सर्वांनी पाहिली आहे. नेपियर पूल पटाप्रमाणे काळ्यापांढऱ्या चौकोनांनी रंगविला होता, आणि वेष्टी नेसून हात जोडणारा 'तंबी' नावाचा घोडा चौकाचौकांत उभा होता. आमच्या कार्यालयातील शिपायापासून उपमहालेखापालांपर्यंत सारे एकमेकांस हत्ती-घोडे समजावून सांगत होते.

दहाव्या फेरीत, ८ ऑगस्टला, यजमान म्हणून उतरलेला भारताचा दुसरा संघ आणि उझबेकिस्तान समोरासमोर आले. पहिल्या पटावर सोळा वर्षांचा गुकेश. पहिले आठ डाव त्याने ओळीने जिंकले होते, नवव्यात बरोबरी. अब्दुसत्तारोवविरुद्ध त्याची स्थिती वरचढ होती. संघ सुवर्णाच्या वाटेवर होता. डाव लांबला, पकड सैल होत गेली, घड्याळात थोडाच वेळ उरला, आणि त्या घाईत त्याचा घोडा भलत्याच घरी गेला. डाव गेला. लढत दोन-दोन सुटली. सुवर्ण उझबेकिस्तानला मिळाले, आपल्या त्या संघास कांस्य. पटापाशी सुन्न बसलेल्या त्या मुलाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी आम्ही पाहिले. सौभाग्यवतींनी विचारले, "तुम्ही का एवढे गप्प?" आम्ही म्हटले, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, मोहरमची सुट्टी होती. पूर्व किनारा मार्गाने बस पकडून आम्ही मामल्लपुरमला गेलो. महिलांच्या शेवटच्या फेरीत भारताचा संघ तक्त्यात सर्वांच्या पुढे होता. अमेरिकेस हरविले की सुवर्ण. कर्णधार होते आपल्या पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. चौथ्या पटावर गोव्याची भक्ती कुलकर्णी. संघातील हरिका द्रोणवल्ली त्या वेळी बाळंतपणाच्या अगदी उंबरठ्यावर होती आणि तशा स्थितीत स्पर्धा खेळली होती. त्या दिवशी मात्र ती पटावर नव्हती. हम्पी आणि वैशाली यांचे डाव बरोबरीत सुटले. तिसरा आणि चौथा पट गेला. तीन-एक. सुवर्ण गेले, रौप्यही गेले, कांस्य राहिले. सुवर्ण मिळाले ते युक्रेनच्या मुलींना. ज्या युद्धामुळे ही स्पर्धा आपल्या दारी आली, त्याच युद्धात होरपळणाऱ्या देशाच्या मुलींना! त्यांच्याविषयी आनंद वाटावा आणि आपल्या मुलींविषयी घशात आवंढा यावा, अशी ती विचित्र दुपार होती.

परतताना बसमध्ये दोन गृहस्थ भांडत होते. एकाचे म्हणणे, तिसऱ्या-चौथ्या पटाने घात केला. दुसरा म्हणाला, त्याच पटांनी दहा फेऱ्या गाडी ओढली, ते कोण सांगणार? हे दुसरे गृहस्थ कोण होते हे आम्हांस ठाऊक नाही. पण त्यांना आम्ही मनोमन नमस्कार केला. ते बोलत होते ते खरेच होते. तिसऱ्या पटावरील तानिया सचदेवला त्याच स्पर्धेत वैयक्तिक कांस्य मिळाले.

पुढचे २०२४ चे बुडापेस्ट आपणा सर्वांच्या स्मरणात ताजे आहे, म्हणून पुरुष संघाविषयी थोडक्यात बोलतो. त्यांनी बावीसपैकी एकवीस गुण मिळविले. एकच लढत बरोबरीत सुटली, तीही उझबेकिस्तानशीच. गुकेश आणि अब्दुसत्तारोव पुन्हा समोरासमोर आले आणि त्यांच्या डावात बरोबरी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूरला गुकेश विश्वविजेता झाला. आमचे मन मात्र महिला संघात गुंतले होते, कारण कर्णधार पुन्हा कुंटेच होते. पहिल्या सात लढती जिंकल्यावर आठव्या फेरीत पोलंडकडून संघ हरला. नवव्यात अमेरिका, पुन्हा तीच! वैशालीचा डाव गेला, दोन डाव बरोबरीत सुटले, आणि सारा भार वंतिका अगरवालवर आला. समोर अनेक वेळा अमेरिकेची विजेती ठरलेली इरिना क्रश. वंतिकाने तो डाव जिंकला आणि लढत दोन-दोन राखली. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन डाव बरोबरीत, आणि एकच जिंकला : नागपूरच्या दिव्या देशमुखचा. अडीच-दीड. शेवटच्या फेरीत अझरबैजानवर साडेतीन-अर्धा, तिकडे कझाकस्तानला अमेरिकेने बरोबरीत रोखले, आणि सुवर्ण आपले. दिव्या तिसऱ्या पटावर अकरांपैकी साडेनऊ गुणांसह सर्वांत वरचढ ठरली, वंतिका चौथ्यावर. हीच दिव्या २०२५ च्या जुलैत बाटुमीला हम्पीवर मात करून विश्वचषकाची मानकरी आणि ग्रँडमास्टर झाली, हे आपण पेढे वाटून साजरे केले आहेच. मागल्या पिढीतील मंडळींना त्या दिवशी मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींची आठवण झाली, तीही रास्तच होती.

अमेरिकेविरुद्धची ती नववी फेरी आम्ही दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिली. वंतिकाचा डाव शेवटपर्यंत चालू होता. आमच्या घरातील घड्याळ भिंतीवरचे, विजेवर चालणारे, पण आम्हांस ती जुनी टिकटिक ऐकू येत होती. वंतिका जिंकली तेव्हा रात्र बरीच झाली होती. आम्ही नानांना दूरध्वनी करावा असे मनात आले आणि मग आठवले की नाना २०१८ सालीच गेले. त्यांच्या निधनाचे पत्र आम्हांस फिरत फिरत तीन महिन्यांनी मिळाले होते आणि त्यास आम्ही दोन ओळींचे उत्तर पाठविले होते.

त्या वर्षी डिसेंबरात भाच्याच्या लग्नासाठी मिरजेस जाणे झाले. तेथून सांगली किती दूर! तरी पाय निघत नव्हते. अखेर गेलो. काकूंनी ओळखले. चहा झाला. 'मद्रासचे' म्हणून नानांनी कोणाकोणाची आठवण काढली ते त्यांनी सांगितले. आमचेही नाव त्यात होते. मग त्यांनी आतून एक जाड वही आणली. रेल्वेची, काळ्या पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची. संघाने खेळलेला प्रत्येक डाव नानांनी तीत चिकटविला होता आणि शेजारी बारीक अक्षरात टिपणे केली होती. काकू म्हणाल्या, "यातले मला काही कळत नाही. मंडळाची असेल तर घेऊन जा."

आम्ही ते पान काकूंसमोर उघडले नाही. रेल्वेस्थानकावर उघडले. आमच्या अक्षरातील, निळी कार्बन पुसट झालेली प्रत. आणि शेजारी नानांचे टिपण. ते जसेच्या तसे वाचून दाखवितो :

"चौथा पट. पांढरी. ४१ : बरोबरी नाकारली. योग्य. स्थिती जिंकणारी आहे. ४३ : हत्ती मागे हवा होता. मला विचारले असते तर मी 'घे' म्हटले असते, आणि ते चूक ठरले असते. बरे झाले विचारले नाही."

खाली हत्ती मागे ठेवल्यास डाव कसा जिंकता आला असता, ते अठ्ठावन्नाव्या खेळीपर्यंत मांडून दाखविले आहे. त्याखाली वेगळ्या शाईत, '२००९ साली पुन्हा तपासले. बरोबर आहे.'

मिरजेच्या फलाटावर आम्ही तासभर बसलो. गाडी उशिरा होती. नसती तरी बसलो असतो. नानांचे म्हणणे सर्वस्वी मान्य करणे आम्हांस आजही जमत नाही. स्थिती जिंकणारी होती हे खरे, पण आम्ही तिच्यासाठी थोडेच लढलो होतो? आम्ही लढलो ते एका मुलासमोर लाज वाटली म्हणून. निर्णय बरोबर आणि कारण चुकीचे, अशा प्रकरणात लेखापरीक्षणाचा शेरा काय असावा, याविषयी आमच्या खात्याच्या नियमपुस्तिकेत तरतूद नाही. विचारावयास हवे होते, असेच आम्हांस वाटते. नानांना वाटत नव्हते. ते असते तर आज या व्यासपीठासमोर आमचा वाद झाला असता आणि आम्ही हरलो असतो.

जूनपासून मागल्या खोलीतील पडदे आणि मखराचे सामान वरच्या माळ्यावर हलविले आहे. टेबल तेच आहे. चार पट मांडले जातात, कधी पाच. मंडळाचा संघ या वर्षी पुन्हा लीगमध्ये नाव नोंदवीत आहे; चौघांपैकी तिघे विद्यार्थी आहेत आणि चौथ्या पटावर आठवीतील एक मुलगी आहे. तिचे मराठी तमिळ वळणाचे आहे आणि हत्तीच्या अखेरीचे ज्ञान आमच्याहून अधिक. आम्ही खेळत नाही. कर्णधाराची खुर्ची आमच्याकडे आली आहे. हात मागे बांधून उभे राहण्याचा सराव चालू आहे.

नानांची वही आज आम्ही मंडळाच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करीत आहोत. कपाटाची किल्ली चिटणीसांकडे असते. ज्यांना तो डाव पटावर मांडून पाहावयाचा असेल, त्यांनी रविवारी सकाळी साडेदहानंतर यावे. आमचे अक्षर वाईट आहे आणि कार्बन पुसट झाला आहे, त्यामुळे तेविसावी खेळी कोणास लागणार नाही. ती आम्ही दाखवू.